घरची गाडी बदलताना: ‘ही तरी दगा देणार नाही ना?’

आमची आधीची गाडी गिअरबॉक्सपायी गेली. रात्रीची वेळ होती, मागच्या सीटवर मुलं झोपली होती, आणि डॅशबोर्डवर दिवा पेटून गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली. वेग घेईना, चढ चढेना. कशीबशी घरी पोचलो. गॅरेजने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो गाडीच्या उरलेल्या किमतीपेक्षा मोठा निघाला. मग दुसरी गाडी शोधायला लागलो आणि लक्षात आलं, की कुठल्याही गाडीचं नाव काढलं की तिच्याबद्दल काहीतरी वाईट कानावर येतंच. एकीचं इंजिन ऑइल खातं, दुसरीची टायमिंग चेन खडखडते, तिसरीचा स्क्रीन काळा पडतो. दोन महिने आम्ही वाचत राहिलो आणि जितकं वाचलं तितके जास्त घाबरलो.

पहिल्यांदाच गाडी बदलायला निघालेल्या माणसाची हीच अवस्था होते, म्हणून हा लेख. त्या दोन महिन्यांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. भरवसा कंपनीच्या नावात नसतो आणि मॉडेलच्या नावातही नसतो. कुठलं इंजिन, त्याला कुठला गिअरबॉक्स, कुठल्या वर्षी बनलेली, आणि समोर उभी असलेली ती एक गाडी आजवर कशी सांभाळली गेली, या चार गोष्टींत तो असतो. या चारही गोष्टी तपासता येतात. म्हणून धास्ती घेऊन बसण्यापेक्षा तिची तपासणीची यादी करायची.

पहिली पायरी: जुनी गाडी खरंच काढायची आहे का?

हा प्रश्न मन शांत असताना सोडवायचा. गाडी रस्त्यात बंद पडली त्याच आठवड्यात घेतलेला निर्णय बहुधा रागाचा असतो.

एक कागद घ्या. गेल्या दोन वर्षांत दुरुस्तीवर काय गेलं ते लिहा, पण टायर, बॅटरी, ब्रेक पॅड यांचा खर्च वेगळ्या रकान्यात टाका. तो झिजेचा खर्च आहे आणि नव्या गाडीतही येणारच आहे. उरलेल्या रकान्यात एकच मोठी दुरुस्ती असेल आणि ती नीट झाली असेल, तर ती गाडी आता कदाचित पूर्वीपेक्षा चांगली आहे. दर दोन-तीन महिन्यांनी वेगळं काहीतरी निघत असेल, तर मात्र गाडी थकली आहे. दोन गोष्टी आढळल्या तर हिशेब करत बसू नका: चासीला किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेलं असतं तिथे आरपार गंज, आणि वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी. या दोन्ही दुरुस्त्यांना शेवट नसतो.

आजवर घातलेले पैसे या हिशेबात धरायचे नाहीत. ‘एवढा खर्च केलाय, आता कशी सोडायची’ हा विचार आमच्या घरी वर्षभर चालला आणि त्या वर्षात आणखी खर्च झाला.

दुसरी पायरी: नेमकी कशाची भीती वाटते ते ठरवा

‘गाडी खराब निघेल’ ही भीती फार मोघम आहे. ती तीन भागांत वेगळी केली की हाताळता येते. काही बिघाड तुम्हाला रस्त्यात उभं करतात. काही बिघाड गाडी चालू ठेवतात, पण खिसा रिकामा करतात. आणि काही नुसती चिडचिड करवतात: फोन जोडला जात नाही, मागचा कॅमेरा अधूनमधून काळा पडतो, दाराचं रबर कुरकुरतं.

लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील ज्या गाडीतून जाणार आहेत तिच्यात पहिला प्रकार सर्वांत महत्त्वाचा. इथे एक माहिती मला फार दिलासा देऊन गेली. जर्मनीतला ‘आडाक’ हा वाहनधारकांचा संघ रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांची आकडेवारी १९७८ पासून प्रसिद्ध करतो. त्यात सर्वांत मोठं कारण वर्षानुवर्षं एकच राहिलं आहे: साधी १२ व्होल्टची बॅटरी. अलीकडच्या वर्षांत चाळीस टक्क्यांहून अधिक वेळा गाडी बंद पडण्याचं कारण तीच होती. त्यात इलेक्ट्रिक गाड्याही आल्या, कारण त्यांनाही दारं, कॉम्प्युटर आणि मुख्य बॅटरीचे स्विच चालू करायला ही छोटी बॅटरी लागतेच. म्हणजे रात्री रस्त्यात अडकण्याच्या भीतीचा मोठा वाटा वेळेवर बॅटरी बदलून कमी होतो. त्यासाठी अमुक कंपनीचीच गाडी घेतली पाहिजे असं नाही.

खिसा रिकामा करणारे बिघाड मात्र गाडी निवडतानाच टाळायचे असतात. इंजिन, गिअरबॉक्स, हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी, आणि डिझेलची धूर-यंत्रणा. पुढचा बहुतेक लेख त्यांच्याबद्दल आहे. तिसऱ्या प्रकाराला मी निर्णयात जवळजवळ जागा दिली नाही.

तिसरी पायरी: गाडी कशी वापरता ते लिहून काढा

तुमच्या आठवड्याची धावाधाव लिहा: शाळा, ऑफिस, दवाखाना, मंडई, आणि वर्षातून किती वेळा लांबचा प्रवास. बहुतेक कुटुंबांची गाडी दिवसभर छोट्या छोट्या फेऱ्याच मारते, आणि गाडीच्या भरवशाचा या सवयीशी थेट संबंध आहे. इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होत राहिलं की ऑइलमध्ये साठलेला ओलावा आणि न जळलेलं इंधन उडून जात नाही. ‘कमी चालवलेली’ गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज त्यामुळेच अर्धाच खरा आहे. पाच वर्षं रोज दोन किलोमीटरच धावलेल्या गाडीपेक्षा हायवेवर दुप्पट किलोमीटर धावलेली गाडी मला जास्त बरी वाटते.

छोट्या फेऱ्याच असतील तर डिझेल घेऊ नका. हे मी जोर देऊन सांगतो. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी फिल्टर सुमारे ६०० अंश सेल्सिअसपर्यंत तापावा लागतो आणि गाडी काही वेळ सलग धावावी लागते. शाळेच्या फेरीत ते घडत नाही. गाडी जाळायला सुरुवात करते, तुम्ही ती बंद करता, आणि जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल हळूहळू इंजिन ऑइलमध्ये उतरतं. फिल्टर तुंबतो, ऑइल पातळ होतं. मग लोक म्हणतात, गाडी खराब निघाली. गाडी ठीक होती, वापर तिच्यासाठी नव्हता.

याच कागदावर माणसंही लिहा. लहान मुलांच्या किती सीट बसवायच्या आहेत? मागे तीन शेजारी-शेजारी बसवायच्या असतील तर त्या प्रत्यक्ष घेऊन जा आणि बसवून बघा. रुंदीचे आकडे वाचून हे कळत नाही, कारण बेल्टची कुलपं कुठे आहेत यावर सगळं ठरतं. आजीआजोबांना आत बसायला सीट किती उंचीवर हवी, हेही त्यांना बसवूनच कळतं.

चौथी पायरी: इंजिन आणि गिअरबॉक्सची जोडी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एकाच मॉडेलमध्ये तीन इंजिनं आणि तीन गिअरबॉक्स मिळतात, आणि त्यातली एक जोडी वीस वर्षं चालते तर दुसरी आठ वर्षांत दमते. मॉडेलचं नाव घेऊन ‘चांगली का?’ असं विचारण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

इंजिनाबद्दल पहिला प्रश्न: टायमिंगला, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखायला, चेन आहे की बेल्ट? बेल्ट वाईट नसतो, पण तो ठरावीक किलोमीटरला किंवा ठरावीक वर्षांनी बदलावाच लागतो, जे आधी येईल ते. गाडी उभीच असली तरी रबराचं वय वाढतं. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन उघडण्याशिवाय गत्यंतर राहत नाही. बेल्ट बदलल्याची पावती दिसली नाही, तर तो बदललेला नाही असं धरून चाला आणि तो खर्च किमतीत मोजा. चेनचा बेल्टसारखा ठरावीक मुदतीला बदल नसतो, पण ऑइल वेळेवर न बदलल्यास तिचे ताण देणारे भाग झिजतात. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड ऐकू आली तर तीच तक्रार करत असण्याची शक्यता मोठी.

तिसरा प्रकार माहीत असलेला बरा: इंजिन ऑइलमध्ये भिजत फिरणारा बेल्ट. घर्षण कमी व्हावं म्हणून काही छोट्या तीन सिलिंडर टर्बो इंजिनांत तो वापरला गेला. ऑइलचा दर्जा चुकला किंवा ते फार दिवस बदललं नाही, की बेल्टच्या रबराचे कण सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. मग ऑइलचा दाब पडतो. असं इंजिन असलेली सेकंडहँड गाडी घ्यायची तर ऑइल कधी आणि कुठल्या दर्जाचं घातलं याचा पूर्ण कागदोपत्री इतिहास हवा. तो नसेल, तर मी ती गाडी सोडून देईन.

आता गिअरबॉक्स. आमचं दुखणं इथलंच असल्याने यावर मी सर्वांत जास्त वाचलं. मॅन्युअलमध्ये क्लच झिजतो, बाकी भीतीचं फारसं कारण नाही. ऑटोमॅटिक म्हणून एकच शब्द वापरला जातो, पण आत चार निरनिराळी यंत्रं असतात.

टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक (यात इंजिनाची ताकद द्रवातून गिअरबॉक्सकडे जाते) सर्वांत जुना आणि बहुतेक वेळा सर्वांत सोशिक. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच आळीपाळीने काम करतात. त्यातले ऑइलमध्ये बुडालेले क्लच उष्णता सहन करतात, कोरडे क्लच मात्र वाहतुकीच्या कोंडीत सतत रेंगाळून तापतात आणि लवकर झिजतात. रोज कोंडीत अडकणाऱ्या माणसाने कोरड्या ड्युअल क्लचची जुनी गाडी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीव्हीटीमध्ये पायऱ्या नसतात. दोन पुलींमध्ये पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते. तो शांत आणि मऊ चालतो, पण त्याला स्वतःचं वेगळं ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदललं नाही तर दुरुस्तीऐवजी बहुधा पूर्ण बदलच करावा लागतो. चौथा प्रकार एएमटी. मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर करते. धक्के देतो, पण आतली रचना साधी.

बऱ्याच कंपन्या गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभरासाठी’ आहे असं लिहितात. कुणाच्या आयुष्यभरासाठी, हे विचारायला हवं. अनेक नामांकित गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी ‘झेडएफ’ ही कंपनी स्वतः सांगते की ऑइल ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरदरम्यान किंवा आठ वर्षांनी बदलावं. गिअरबॉक्स बनवणाराच असं म्हणत असेल, तर मी त्याचं ऐकतो. आमच्या आधीच्या गाडीचं ऑइल मी एकदाही बदललं नव्हतं, कारण पुस्तिकेत गरज नाही असं लिहिलं होतं. त्याची खंत अजून वाटते.

हायब्रीडबद्दल लोक उगाच घाबरतात. ‘दोन यंत्रं म्हणजे दुप्पट बिघाड’ हा तर्क ऐकायला बरोबर वाटतो. पण टोयोटाने प्रियस १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आणली, तेव्हापासून तिच्यात ज्या प्रकारची रचना आहे, तीत नेहमीचा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, क्लच नाही. ग्रहमालेसारखी रचना असलेले दातेरी चाकांचे संच आणि दोन मोटर-जनरेटर यांवर सगळं भागतं. म्हणजे बिघडणारे नेहमीचे भाग मुळात कमीच. जगभर टॅक्सीवाले या गाड्या पसंत करतात ते उगाच नाही. एक काळजी मात्र घ्या. बऱ्याच हायब्रीडमध्ये बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत जाते. मुलांची दप्तरं, पांघरुणं, कुत्र्याचे केस यांनी ती जाळी तुंबली की बॅटरी तापते आणि तिचं आयुष्य घटतं. जाळी कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.

इलेक्ट्रिक गाडीत इंजिन नाही, बहुगिअरचा गिअरबॉक्स नाही, त्यामुळे प्रश्न एका बॅटरीभोवती येऊन थांबतो. बहुतेक कंपन्या तिच्यावर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात आणि त्या काळात क्षमता साधारण ७० टक्क्यांखाली गेली तर दुरुस्तीची जबाबदारी घेतात. जुनी गाडी असेल तर हमीची किती वर्षं उरली ते बघा आणि बॅटरीच्या क्षमतेचा अहवाल मागा. बॅटरीला पाण्याने थंड करण्याची सोय आहे का, हेही विचारा. २०१० मध्ये आलेल्या पहिल्या निस्सान लीफमध्ये ती नव्हती आणि उष्ण प्रदेशांत त्या गाड्यांच्या बॅटऱ्या लवकर खंगल्या. नंतरच्या बहुतेक गाड्यांनी तो धडा घेतला.

पाचवी पायरी: आकडेवारी वाचा, पण नीट

भरवशाच्या याद्या बऱ्याच निघतात आणि त्या एकच गोष्ट मोजत नाहीत. जर्मनीतली ‘ट्यूफ’ संस्था सक्तीच्या तपासणीत गाड्यांमध्ये किती दोष सापडले ते वयोगटानुसार सांगते. त्यात दिवे, ब्रेक, सस्पेन्शन, गंज यांचं चित्र चांगलं मिळतं, पण गिअरबॉक्स महाग पडतो की नाही ते कळत नाही. अमेरिकेतली ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही १९३६ पासूनची ग्राहक संस्था गाडीमालकांनाच विचारून इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रिकल असे भाग वेगळे करून सांगते. भाग वेगळे केलेले असल्याने मला ती पद्धत जास्त उपयोगी वाटते. ‘जे.डी. पॉवर’ या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीचा अभ्यास दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजतो. तिथे फोन न जुळणं ही एक तक्रार आणि गिअरबॉक्स जाणं हीही एकच तक्रार. त्यामुळे एखादी कंपनी यादीत खाली दिसली तर कारण बघितल्याशिवाय घाबरू नका.

लोकांच्या तक्रारी वाचताना एक साधी गोष्ट लक्षात ठेवा. ज्याची गाडी दहा वर्षं बिनतक्रार चालली तो लिहायला बसत नाही. दहा लाख विकल्या गेलेल्या गाडीच्या पाचशे तक्रारी भयंकर वाटतात, दहा हजार विकल्या गेलेल्या गाडीच्या पन्नास किरकोळ वाटतात. प्रत्यक्षात दुसरीचं प्रमाण दहापट आहे. मी तक्रारी मोजायचं सोडलं आणि एकच भाग, त्याच सुमाराच्या किलोमीटरला, निरनिराळ्या लोकांकडे जातोय का एवढंच शोधत गेलो. असं दिसलं की तो दोष खरा मानायचा. मग पुढचा प्रश्न: कंपनीने तो भाग नंतर सुधारला का, आणि कुठल्या वर्षापासून?

यातूनच वर्ष ठरतं. नव्या पिढीच्या मॉडेलचं पहिलं वर्ष शक्यतो टाळा. कारखान्यातल्या चुका पहिल्या ग्राहकांकडे उघड होतात आणि पुढच्या वर्षी दुरुस्त होऊन येतात. बाहेरून रूप बदललेल्या वर्षीही आतलं इंजिन तेच असेल तर हरकत नाही. इंजिन-गिअरबॉक्स नवा असेल, तर ते पहिलंच वर्ष समजा.

सहावी पायरी: त्या एका गाडीचे कागद

दोन-तीन मॉडेल पक्की झाली की प्रत्यक्ष गाड्या बघायला जायचं. त्याआधी विक्रेत्याकडून सर्व्हिसच्या पावत्यांचे फोटो मागवा. शिक्क्यांची पुस्तिका पुरेशी नाही. शिक्का कुणीही मारू शकतो, पण पावतीवर तारीख, किलोमीटर आणि घातलेल्या ऑइलचा दर्जा असतो. पावत्यांवरचे किलोमीटर चढत्या क्रमाने लावून बघा. मीटर मागे फिरवला असेल तर बहुतेकदा इथेच पकडला जातो.

गाडीचा १७ अक्षरी ओळख क्रमांक घ्या आणि तो समोरच्या काचेखाली, दाराच्या खांबावर, कागदावर, सगळीकडे एकच आहे का ते बघा. याच क्रमांकावरून कंपनीकडे विचारता येतं की या गाडीसाठी सुरक्षेची कुठली दुरुस्ती कंपनीने परत बोलावून करायची बाकी आहे का. हे टाळू नका. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षांनुवर्षं खराब होत गेलं. अपघातात एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडाले आणि माणसं दगावली. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दुरुस्ती फुकट होती, तरी कित्येक गाड्या तशाच फिरत राहिल्या, कारण मालक बदलला आणि पत्र जुन्या पत्त्यावर गेलं.

सातवी पायरी: गाडी बघताना

आधी फोनवर सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका, मी येईन तेव्हा थंड हवं आहे. पोचल्यावर बोनेटला हात लावा. गरम लागलं तर का, ते विचारा. तापलेलं इंजिन बरेच आजार लपवतं.

सुरू केल्यावर मागे कुणाला तरी उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंड हवेत थोडा वेळ साहजिक आहे, पण ती थांबली नाही आणि गोडसर वास आला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) सिलिंडरमध्ये जातंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त. ऑइल भरायचं झाकण उघडून खाली बघा. दुधट साय असेल तर एक तर पाणी मिसळतंय किंवा गाडी फक्त छोट्या फेऱ्याच मारत होती. दोन्हीपैकी काय, ते कूलंटच्या पातळीवरून आणि मेकॅनिककडून कळेल.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यात वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर ती का बदलली ते विचारा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाकडे मातीची रेघ किंवा डाग दिसला तर गाडी पाण्यात गेलेली असू शकते. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खोबणीत हात फिरवा, तिथे चिखल राहतो. अशा गाडीला कितीही कमी किमतीत हात लावू नका, तिची वायरिंग वर्षानुवर्षं त्रास देते.

चालवताना निदान अर्धा तास घ्या आणि रेडिओ बंद ठेवा. ऑटोमॅटिक असेल तर थंड असताना, तापल्यावर, कोंडीसारखं रेंगाळत आणि चढावर उलट्या गिअरमध्ये, अशा चारही तऱ्हांनी चालवून बघा. धक्का, थरथर, आरपीएम (इंजिनाचे फेरे) चढूनही वेग न वाढणं, हे सगळं लिहून ठेवा. मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. टक-टक आवाज आला तर एक्सलचे सांधे झिजलेत. ते दुरुस्त होतं, पण किंमत कमी करून मागा.

आठवी पायरी: आपला मेकॅनिक

गाडी कितीही आवडली तरी विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून तपासून घ्या. विक्रेता नाही म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

त्याला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) लावायला सांगा आणि दिवा पेटलाय का एवढ्यावर थांबू नका. कोणी आदल्या दिवशी दोष पुसून दिवा घालवला असेल, तर गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात. त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं निरनिराळं ड्रायव्हिंग लागतं. ‘चाचण्या पूर्ण झाल्यात का?’ हा एक प्रश्न विचारला की बरंच काही बाहेर येतं. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर तेही लावा. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉन असतो. एखाद्या दारावर ४०० आलं, तर खाली पुट्टी आहे. ओरखड्यासाठी रंगवलेलं दार चालेल, पण पुढचे खांब किंवा छत रंगवलेलं असेल तर गाडी जोरात ठोकलेली असण्याची शक्यता मोठी.

वाढीव हमी घ्यायची का? घ्यायच्या आधी तिच्यात काय वगळलं आहे ते पान वाचा. ‘झिजेचे भाग’ या दोन शब्दांत क्लच, सील, कधीकधी टर्बोसुद्धा जातो. गिअरबॉक्स आणि हायब्रीड बॅटरी स्पष्ट नावाने त्यात असतील तरच मी विचार करेन. एरवी तेवढेच पैसे दर महिन्याला दुरुस्तीसाठी बाजूला टाकलेले बरे.

नववी पायरी: घेतल्यानंतरचा पहिला महिना

सेकंडहँड गाडी असेल तर आधीचा मालक काहीही म्हणो, इंजिन ऑइल आणि फिल्टर पहिल्याच आठवड्यात बदला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरल्यावर ती मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांबच्या घाटात, गाडी माणसांनी भरलेली असताना, हा फरक पायाखाली जाणवतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. ऑटोमॅटिकच्या ऑइलची पावती नसेल तर तेही यादीत घ्या. १२ व्होल्टची बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर तिची चाचणी करून घ्या.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला ऑइलची काडी आणि कूलंटची पातळी बघा, एकाच जागी, सकाळी, थंड असताना. हजार किलोमीटरला ऑइल किती उतरलं ते कळलं की त्या इंजिनाची सवय कळते आणि पुढची धास्ती निम्म्याने उतरते. आमच्या गाडीत एक साधी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, काय बघितलं, काय बदललं. मोठी मुलगी आता काडी पुसून पातळी वाचते आणि आकडा स्वतःच्या अक्षरात लिहिते. गेल्या रविवारी तिने लिहिलं: पातळी वरच्या खुणेला, कूलंट जागच्या जागी, मागच्या डाव्या टायरमध्ये हवा थोडी कमी.